अंगठा ठेवा म्हणून सांगितलं होतं

झिपरू आबा त्या दिवशी दारू प्यालेले नव्हते. हे सगळ्यात आधी लिहून टाकते.

गेल्या महिन्यात धुळ्याहून आलेल्या एक बाई माझ्याच घरात, माझाच चहा पिता पिता मला सांगत होत्या की तापीवर मासे धरायला गेलेल्या पुण्याच्या मंडळींचा नावाडी म्हणे झिंगलेला होता आणि स्वतःच गळावर जाऊन पडला. त्या मंडळींत मी होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ही गोष्ट धुळ्यात कुणी पसरवली ते मला पक्कं ठाऊक आहे. बाई गेल्या, मी कपबशा तशाच ठेवल्या आणि हे लिहायला बसले. ज्यांनी खानदेश पाहिलेला नाही त्यांना यात खानदेश थोडा दिसेल. पण मी काही निसर्गाची शोभा सांगायला बसलेली नाही. गावाचं नावही लिहीत नाही, कारण नाव कळलं तर आणखी चार हौशी लोक काठ्या घेऊन तिथं जातील.

चाळीसगाव

मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवते. नाताळच्या सुट्टीत अजिंठ्याची लेणी दाखवीन असं ह्यांनी कबूल केलं होतं. जळगावला उतरायचं, तिथून मोटारीनं जायचं, असं सगळं ठरलेलं. मी चित्रांची वही, पेन्सिली, रबर बांधून घेतलं होतं.

चाळीसगाव आलं तसे हे उठले आणि बाकाखालून एक लांबलचक कापडी पिशवी ओढून म्हणाले, "चल, इथंच उतरायचंय."

"इथं? जळगाव अजून पुढे आहे ना?"

"दोन दिवस नानाकडे धुळ्याला जाऊ. तापीला महाशीर मासा लागतोय असं त्यानं लिहिलंय. मग बघू अजिंठ्याचं."

त्या पिशवीत छत्री असेल असं मी पुण्यापासून समजत होते. तिच्यात मासे धरायची काठी निघाली आणि एका चामडी डबीत रीळ. ह्यांच्या कचेरीतले वरिष्ठ निवृत्त होताना ते ह्यांना देऊन गेले होते. मुठीत मावेल एवढं चकचकीत यंत्र. दांडी एकदा फिरवली की आतली फिरकी चारदा फिरते. फिरकीवर रेशमी दोरी गुंडाळलेली, दोरीच्या टोकाला पितळी चमचा आणि त्याला तीन टोकांचा गळ. काठी झटकून चमचा दूर पाण्यात फेकायचा आणि दांडी फिरवत हळूहळू ओढून आणायचा. मासा त्याला लहान मासोळी समजून धरतो.

धुळ्याच्या गाडीत मी ह्यांच्याकडे पाठ करून बसले. बाहेर कपाशी फुटली होती. काळ्याभोर रानात पांढरी बोंडं आणि बायकांच्या कमरेला बांधलेल्या झोळ्या. स्टेशनात गाडी थांबली की वाऱ्यानं कापसाचे तंतू आत येत आणि केसांना चिकटत. हे म्हणाले, "किती छान दिसतंय, नाही?" मी खिडकी लावून घेतली.

धुळे

नाना म्हणजे ह्यांचे आतेभाऊ. वकील. माणूस बोलका, आणि आपण बोललो ते सगळ्यांना पटलंच असं धरून चालणारा. त्यांच्या घरचं जेवण मात्र मी विसरणार नाही. वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली. आमच्याकडे भरतात दही घालतात. इथं हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि वर कच्चं तेल, आणि ते लाकडी बडगीत कुटून काढायचं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा मी मागून घेतलं. राग पोटावर काढायची मला सवय नाही.

जेवण झाल्यावर परसात काठी जोडून झाली. ह्यांनी काठी मागे नेली, जोरात झटकली. चमचा दहा हात गेला न गेला तोच रिळातून कर्रकन आवाज आला आणि चमचा जागीच अडून खाली पडला. बघते तर फिरकीवर दोरीचा पिंजका झालेला. फासे, वेढे, गाठी, एकात एक.

हे माझ्याकडे वळले. "जरा बघतेस?"

"वहिनींनाच जमेल ते," नाना म्हणाले. "बायकांची बोटं नाजूक असतात."

माझ्याजवळ लोकर विणायची आकडी होती. तासभर बसून मी तो गुंता सोडवला. सोडवून देताच ह्यांनी पुन्हा फेकलं, आणि पुन्हा तेच झालं. त्या दुपारी तीनदा. तिसऱ्या वेळी नाना आरामखुर्चीत घोरत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या आडावर पाणी काढायला गेले तेव्हा गुंत्याचं कारण कळलं. माझं माहेर अलिबागेकडचं, रहाटावर मी लहानाची मोठी झाले. घागर खाली सोडताना रहाटावर तळवा टेकवून ठेवायचा असतो. तळवा काढला तर घागर धाडकन जाते, आणि ती पाण्यावर टेकली तरी रहाट आपल्या वेगानं फिरतच राहतो. दोर ओढणारं खाली कुणी नसतं, रहाट मात्र दोर सोडत असतो. मग तो ढिला दोर वेढ्यांवर वेढे चढवतो.

रिळाचंही तेच होतं. हे हिसका देत, तेव्हा फिरकी भन्नाट सुटे. हवेत चमचा हळू पडायला लागे, फिरकीला ते कळत नसे. ती दोरी ओकत राही.

मी भरलेली घागर तशीच ठेवून आत गेले. "फिरकीवर अंगठा ठेवा," मी ह्यांना म्हटलं. "दाबायचा नाही, नुसता टेकवायचा. चमचा पाण्याला टेकायच्या आधी मात्र दाबून फिरकी थांबवायची. आणि एवढा हिसका देऊ नका."

"अगं, हे विलायती यंत्र आहे. रहाट नाही."

नाना हसले. "वहिनी, आता तुम्ही आम्हाला मासे धरायला शिकवणार!"

नरडाणा ते तापी

मोटारीनं नरडाण्याला, तिथून बैलगाडीनं नदीकडे. वाटेत ज्वारी उभी होती, तुरीला शेंगा धरल्या होत्या. तापी लांबून दिसत नाही. रान सपाट दिसतं आणि एकाएकी पायाखालची जमीन तुटते. मग मातीच्या उंच दरडी, घळी, आणि तळाशी काळ्या खडकांच्या पायऱ्यांमध्ये हिरवं, स्थिर पाणी.

काठावरच्या गावात नानांनी एका म्हाताऱ्या नावाड्याला सांगून ठेवलं होतं. साठीचा माणूस, सडपातळ, बोटांवर दोऱ्यांनी कापल्याच्या जुन्या खुणा. जन्मभर जाळं टाकून जगलेला. नानांनी लांबूनच हाक मारली, "ए झिपऱ्या! होडी तयार आहे का?"

नानांपेक्षा तो वीस वर्षांनी तरी मोठा असेल. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आबा, नमस्कार."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमी बी होडीमा बठशात का?"

"मी खडकावर बसणार आहे," मी म्हटलं. "गुंते सोडवायला."

त्यांना तेव्हा ते कळलं नाही. दुपारपर्यंत कळलं. सकाळपासून सातदा दोरी अडकली आणि सातही वेळा काठी माझ्या मांडीवर आली. झिपरू आबा होडी खडकाला लावून माझ्याशेजारी बसले आणि माझी आकडी बघत राहिले.

"चाकले कोनी आवरत नही ना ताई," ते म्हणाले. "म्हनीसन असं व्हस."

"मी परवाच सांगितलं, अंगठा ठेवा म्हणून."

"मंग ऐकतस का नही?"

"बायकोनं सांगितलं म्हणून."

आबा हसले. "मन्हं बी कोनी ऐकत नही. सकायपाईन सांगी ऱ्हायनू, आठे वारा तोंडवर येस. वारा पाठवर घ्या, पलीकडला काठले चला. वकीलसाहेब म्हनतस, आमले समजस."

वाऱ्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. समोरून वारा असला की चमचा हवेतच मंदावतो आणि गुंता हटकून होतो. आणखी एक गोष्ट मला त्या खडकावर सापडली. रिळाच्या बाजूला एक लहान चकती होती. शिवणाच्या मशीनवर दोऱ्याचा ताण कमीजास्त करायला असते तशी. ती फिरवून पाहिली. सैल केली की चमचा धपकन खाली जाई. आवळली की सावकाश उतरे, आणि जमिनीला टेकला की फिरकी आपोआप थांबे. दोरीही फिरकीच्या अगदी काठापर्यंत भरलेली होती, म्हणून मी पाचसहा हात कापून टाकली आणि उरलेली ओढून ओढून घट्ट गुंडाळली.

यानंतर ह्यांनी दोनदा फेकलं, दोन्ही वेळा गुंता झाला नाही. मी वाट पाहत होते, हे काय म्हणतात याची.

"लांब जात नाहीये," हे म्हणाले. "चकतीला कुणी हात लावला?" आणि त्यांनी ती पुन्हा सैल केली.

मी आकडी पिशवीत घातली आणि उठून गावाकडे चालायला लागले. मागून ह्यांनी हाक मारली. मी थांबले नाही.

डोहावर, दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी मी होडीत बसले, कारण नानांनी आज मोठा डोह दाखवतो म्हणून फार आग्रह केला. पुढे हे उभे, मध्ये मी आणि नाना, मागे बांबू घेऊन झिपरू आबा. नावाडी होडीत मागेच उभा असतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते.

वारा समोरून होता. आबा म्हणाले, "भाऊ, जरा थांबा. होडी फिराई देस, वारा पाठवर येई."

"मासा समोर उसळतोय आणि तू होडी काय फिरवतोस?" नाना म्हणाले. "वसंता, फेक!"

खरंच समोर पाणी फुटलं होतं. ह्यांनी काठी पार डोक्यामागे नेली आणि अंगातली सगळी ताकद लावली. कर्रकन आवाज झाला. दोरी अडकली, ताणली गेली, आणि निम्म्या वाटेत गेलेला चमचा तसाच उलटा आला. माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं.

आबा ओरडले नाहीत. बांबू पाण्यात पडल्याचा आवाज आला म्हणून मी वळले. ते खाली बसले होते आणि त्यांच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, पापणीच्या कडेला, तो पितळी चमचा लोंबत होता.

"मध्ये कशाला आलास रे?" नाना म्हणाले.

मला आजही तो आवाज ऐकू येतो. घाबरलेला नव्हता. नोकराच्या हातून काचेचा पेला फुटावा आणि मालकानं विचारावं, तसा होता.

"ते मध्ये आले नाहीत, नाना," मी म्हटलं. "ते होडी चालवत होते."

हे आबांकडे सरकले आणि चमचा धरायला हात पुढे केला. मी तो हात झटकला. मशीनची सुई बोटात मोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. ओढलं की आतलं आणखी फाटतं, आणि गळाला तर उलटा काटा असतो. मी कात्रीनं दोरी कापली, चमचा हलू नये म्हणून पदराची पट्टी फाडून हलक्या हातानं सगळं बांधलं. आबांचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. ते फक्त एवढंच म्हणाले, "ताई, डोया गया का?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, "माहीत नाही, आबा."

काठावर आल्यावर नाना म्हणाले, "गाडीवान संध्याकाळी येणार आहे. तोवर हळद लावू या. हे लोक काटक असतात, वहिनी."

मी नानांवर ओरडले. गावातली माणसं दरडीवर गोळा झाली होती, त्यांच्यासमोर ओरडले. काय म्हणाले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की, "तुमच्या डोळ्यात असता तर संध्याकाळपर्यंत थांबला असतात का?" असं विचारलं. कुणीतरी पळत जाऊन आपली गाडी जुंपून आणली. नाना आले नाहीत. सामान बघायला कुणीतरी हवं, असं ते म्हणाले.

तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत तीन तास लागले. आबांचं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं. चाक दगडावर चढलं की हे दोन्ही हातांनी ते डोकं उचलून धरत. हे मी पाहिलं. पाहूनही माझा राग कमी झाला नाही, आणि कमी व्हावा असं मला वाटलंही नाही. एका ठिकाणी आबा आपणहून बोलले, "एक डोयाघाई जायं इनता येस का, कोन जाने." जाळं विणता येईल का, एवढीच त्यांना काळजी.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गळाचं टोक पापणीतून पुढे काढलं, उलटा काटा पकडीनं तोडला आणि मग गळ मागे घेतला. बुबुळ वाचलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढा फरक, असं ते म्हणाले. पापणी मात्र पूर्ण उघडणार नाही.

हात धुता धुता त्यांनी विचारलं, "हे केलं कुणी?"

मी भिंतीकडे पाहत उभी राहिले. उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेव्हा ह्यांनी वारा म्हटलं असतं, होडी हलली म्हटलं असतं, तर मी तिथूनच एकटी पुण्याला गेले असते.

"मी," हे म्हणाले. "मला फेकता येत नव्हतं. सांगितलेलं मी ऐकलं नाही."

वाळूवर

रात्र तिथं काढून सकाळी आम्ही आबांना घरी पोचवलं. नाना मुक्कामी होतेच. हातगळानं दोन मरळ मारल्याचं त्यांनी आम्हाला उत्साहानं सांगितलं.

हे काठीसकट रीळ घेऊन नदीकडे निघाले. मी मागे गेले. काठावर उभं राहून ते रीळ डोहात टाकणार होते, हात उचललेलाच होता.

"टाकू नका," मी म्हटलं. "टाकून दिलं की तुमचं झालं. मग कुणीतरी दुसरं रीळ देईल, आणि तुम्ही पुन्हा तेच कराल. शिका."

"आता?"

"आताच. नवा गळ बांधू नका. गळ न लावता शिकायचं असतं, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. तुम्हाला आणि मलाही."

गळाच्या जागी मी शिशाचा तुकडा बांधला. वाळूवर दुसरं कुणी नव्हतं. मी चकती आवळून दाखवली, शिसं सावकाश उतरेपर्यंत. वारा पाठीवर घ्यायला लावला. काठी झटकायची नाही, मागून पुढे एका ओघात आणायची. अंगठा फिरकीवर, शिसं उडेपर्यंत घट्ट, मग हलका, आणि शिसं वाळूकडे उतरायला लागलं की दाबून फिरकी बंद. आधी मी स्वतः फेकून दाखवलं. मलाही पहिल्यांदाच करायचं होतं, त्यामुळे दोनदा गुंता झाला. तिसऱ्यांदा शिसं वीसएक हातांवर जाऊन पडलं आणि फिरकी थांबली. दोरी सरळ वाळूवर पडून राहिली.

हे दुपारपर्यंत फेकत होते. अंगठा उशिरा टेकला की गुंता, फार दाबला की शिसं पायाशी. गुंता झाला की ते स्वतः खाली बसून सोडवत. मी आकडी दिली नाही. शेवटी अंगठ्याची कातडी भाजून फोड आला आणि दोरी पाचसहा वेळा ओळीनं सरळ गेली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाबासकी हवी होती. मी दिली नाही.

"आता आबांकडे जायचं," मी म्हटलं.

आबा ओसरीवर बसले होते. डोळ्यावर पट्टी, मांडीवर अर्धवट जाळं, हातात विणायची लाकडी सुई. एका डोळ्यानं अंतर समजत नव्हतं. सुई फाशाच्या बाजूनं जात होती, ते पुन्हा मागे घेत होते.

हे त्यांच्यासमोर खाली बसले. "आबा, माझी चूक झाली. माफ करा."

आबांनी सुई थांबवली. हसले नाहीत, असू द्या म्हणाले नाहीत. त्यांनी तसं म्हटलं नाही याचं मला बरं वाटलं.

"माफी तुमनापाशीच ऱ्हाऊ द्या, भाऊ," ते म्हणाले. "मी माफ करी दिसू, अन तुमी बठ्ठं इसरी जाशात. एक ध्यानमा ठेवा. फेकाना पयले मांगे पाहत जा. मांगे मानूस ऱ्हास."

दारातून नाना घड्याळ बघत म्हणाले, "चला, चला. आत्ता निघालो तर नरडाण्याला गाडी मिळेल."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

मी आबांजवळ सरकले आणि सुई मागून घेतली. विणकामच ते. दोन फासे त्यांनी दाखवले, तिसरा मला आला. सुटलेली ओळ मी पुन्हा घ्यायला लागले. थोड्या वेळानं ह्यांनी सुताची गुंडी उचलली आणि दुसऱ्या सुईवर सूत भरायला घेतलं. फोड आलेला अंगठा वापरावा लागत होता, तरी थांबले नाहीत. आबा एका डोळ्यानं दोघांच्या हातांकडे पाहत होते आणि चुकलं की बोलत होते, "नही, आनखी एक घर मांगे."

नाना थोडा वेळ दारात उभे राहिले आणि मग गेले. त्या दिवशीची नरडाण्याची गाडी आम्हाला मिळाली नाही.